न्यूयॉर्कचा स्विच परत आला

डिसेंबर १९८९
महिन्याच्या मध्यावर एटी अँड टी या अमेरिकन दूरध्वनी कंपनीच्या, लांब पल्ल्याचे कॉल जोडणाऱ्या ११४ स्विचमध्ये नवी आज्ञावली भरली गेली. बिघाडातून सावरणारा स्विच लवकर कामाला लागावा, हा हेतू. सी या संगणकीय भाषेतल्या त्या आज्ञावलीत बाहेर पडण्याची सूचना देणारा एक ‘ब्रेक’ भलत्या जागी होता. चाचण्यांत तो कुणालाच दिसला नाही.

सोमवार, १५ जानेवारी १९९०, दुपार
न्यूयॉर्कमधल्या एका स्विचला स्वतःच्या तपासणीत किरकोळ दोष सापडला. नियमाप्रमाणे त्याने ‘सध्या कॉल पाठवू नका’ असं शेजारच्या स्विचना कळवलं, चार ते सहा सेकंदांत स्वतःला सावरलं आणि साठलेले कॉल पुढे धाडायला सुरुवात केली. इथवर सगळं बिनचूक.

घात झाला तो पुढच्या, सेकंदाच्या शंभराव्या भागात. ‘न्यूयॉर्क परत आला’ अशी नोंद शेजारचा स्विच करत होता, तेवढ्यात न्यूयॉर्ककडून दुसरा संदेश येऊन धडकला. चुकीच्या ‘ब्रेक’मुळे आज्ञावली मधूनच बाहेर पडली आणि स्मृतीतली माहिती बिघडली. आपलं काही बिनसलंय हे त्या स्विचच्या प्रोसेसरने ओळखलं आणि तो थांबला. जोडीच्या राखीव प्रोसेसरवरही हीच वेळ आली. मग तोही स्विच स्वतःला सावरू लागला. सावरला, तसे त्याचे संदेश पुढच्या शेजाऱ्यांवर जाऊन आदळले.

२.२५
न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरच्या नियंत्रण केंद्रात एकामागून एक पडदे लाल होऊ लागले. नेहमीचे उपाय लागू पडेनात. एक स्विच उभा करावा, तर त्याचं उभं राहणंच शेजाऱ्याला पाडत होतं. निदान करणाऱ्यासाठी याहून क्रूर बिघाड मला माहीत नाही. धोक्याची प्रत्येक सूचना खरी होती, पण ती आलेल्या स्विचचं यंत्र धडधाकट होतं. ११४ ठिकाणी तीच आज्ञावली, म्हणून ११४ ठिकाणी तीच दुखरी जागा.

संध्याकाळ
देशभर एटी अँड टीचे लांब पल्ल्याचे निम्मे कॉल लागत नव्हते. विमान कंपन्यांच्या आरक्षण खिडक्यांवर फोन वाजेनासे झाले. कुणी घरफोड्यासारखा यंत्रणेत शिरलाय की काय, अशी शंकाही निघाली. अभियंते मात्र संदेशांच्या वाहतुकीकडे पाहत होते. दोन संदेश इतक्या लागोपाठ येतात ते गर्दीमुळे. म्हणजे आधी गर्दी हटवायला हवी.

रात्री ११.३०
स्विचना जोडणाऱ्या संदेश-जाळ्यावरचा भार कमी केल्यावर साखळी तुटली. एकेक स्विच सावरला आणि या वेळी शेजाऱ्याला न पाडता उभा राहिला. तोवर नऊ तास उलटले होते, सुमारे सात कोटी कॉल लागलेच नव्हते. ‘ब्रेक’ची ती ओळ अजून सापडायची होती. ती नंतर प्रयोगशाळेत, तोच गोंधळ मुद्दाम घडवून पाहिल्यावर हाती लागली. दरम्यान स्विचमध्ये जुनी आज्ञावली परत भरण्यात आली.