ध्वनिमुद्रिकांतील खरखर आणि पाठचिकित्सा

महाराष्ट्रातील नाट्यसंगीत व ख्यालगायकी यांचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इतिहास लिहिताना जुन्या ध्वनिमुद्रिका हे प्रथम दर्जाचे साधन ठरते. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणून व ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढून अभ्यासकांचे लक्ष या साधनाकडे वेधले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांच्या दमट हवेत तबकड्यांवर बुरशी सहज धरते. तेव्हा त्यांचे अंकीय रूपांतर लांबणीवर टाकणे इष्ट नाही. परंतु रूपांतर करताना खरखर किती काढावी, हा केवळ तांत्रिक प्रश्न नव्हे. तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे.

खरखरीचे मूळ प्रथम पाहिले पाहिजे. 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीत खनिज भुकटी मिसळीत. पोलादी सुई घासली जाऊन तिला खाचेचा आकार यावा, हा त्यातील एक हेतू होता. म्हणजे ही खरखर तबकडीच्या घडणीतच आहे. व्हिनाइलच्या तबकडीत अशी भुकटी नसते. तिच्यातील टकटक बहुधा धूळ, ओरखडे व स्थिर विद्युत् यांपासून उद्भवते.

खरखर कमी करण्याचे पहिले उपाय यांत्रिक होत. तबकडी स्वच्छ धुवावी. मात्र लाख मद्यार्कात विरघळते, म्हणून लाखेच्या तबकडीस त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. सुईचे टोक खाचेस साजेसे असावे : 78 फेऱ्यांच्या तबकडीस सुमारे 75 मायक्रॉन त्रिज्येचे, तर एकस्वनी दीर्घ मुद्रिकेस सुमारे 25 मायक्रॉनचे. 78 फेऱ्यांच्या बहुतेक मुद्रिकांत ध्वनी खाचेच्या आडव्या हेलकाव्यात साठविलेला असतो. त्यामुळे द्विस्वनी ग्राहकाच्या दोन्ही वाहिन्या योग्य रीतीने एकत्र केल्यास उभ्या हालचालीतून येणारा गोंगाट गळून पडतो. या उपायांनी पाठ बदलत नाही; पोथी चांगल्या उजेडात वाचण्यासारखेच हे आहे.

संगणकीय शुद्धीकरण मात्र निराळे. टकटकीचा क्षण काढून टाकून त्या जागी शेजारच्या ध्वनीवरून अनुमानिलेला ध्वनी भरला जातो; हा संपादकाचा कल्पित पाठच होय. सततची खरखर काढताना रिकाम्या खाचेतील गोंगाटाचा नमुना घेऊन तो सर्वत्र वजा करतात. तबल्यावरील थापेचा आरंभ टकटकीसारखा भासतो, तर ‘स’, ‘श’ यांचे घर्षण खरखरीच्याच पट्ट्यात येते. अतिरेक झाल्यास तेही लोपतात. अशा प्रतीवरून गायकाचे उच्चार अस्पष्ट होते, किंवा साथीस तंबोरा नव्हता, असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक गायकाविषयी न बोलता शुद्धीकरणाविषयीच बोलत असतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1966 साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली पाठभेद नोंदविले आहेत. ध्वनीच्या बाबतीतही हीच शिस्त आवश्यक आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2004 च्या मार्गदर्शिकेने मूळ रूपांतर संस्काराविना जतन करावे व त्यासाठी किमान 48 किलोहर्ट्झ, 24 बिट ही मर्यादा पाळावी, असे सांगितले आहे. याहून वरचा दर ठेवल्यास टकटकही नेमकी नोंदली जाते आणि पुढे ती ओळखून काढणे सोपे होते. म्हणजे खरखर निष्ठेने जपणे, हेच ती नीट काढण्याचे साधन ठरते. श्रोत्यांसाठी शुद्ध प्रत अवश्य करावी. परंतु तिच्यावर कोणते संस्कार केले याची नोंद तिच्यासोबत असावी, आणि संशोधकाने आधार घ्यावा तो मूळ प्रतीचाच.