जनुकीय वंशावळशास्त्र

डीएनएची तुलना आणि कागदोपत्री वंशावळ यांची सांगड घालून दोन व्यक्तींमधील नाते ठरवण्याच्या, आणि त्या नात्याच्या आधारे अज्ञात व्यक्तीची ओळख पटवण्याच्या पद्धतीला जनुकीय वंशावळशास्त्र म्हणतात. अमेरिकेत दत्तक गेलेल्या व्यक्तींनी आपल्या जन्मदात्यांच्या शोधासाठी ही पद्धत रुळवली आणि पोलिसांनी ती पुढे या शोधकर्त्यांकडूनच घेतली.

नेहमीच्या न्यायवैद्यक चाचणीत डीएनएमधील मोजकीच ठिकाणे तपासली जात असल्याने (अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए माहितीसंचासाठी 2017 पासून 20) नमुना त्याच व्यक्तीचा किंवा फार तर अगदी जवळच्या आप्ताचा आहे का, एवढेच तिच्यातून कळते. वंशावळीच्या चाचणीत मात्र सहा-सात लाख ठिकाणचे बारीक फरक नोंदवून दोघांत सामायिक असलेले डीएनएचे सलग खंड मोजले जातात. या मोजणीच्या एककाला सेंटिमॉर्गन म्हणतात. केवळ या आकड्यावरून नाते ठरत नाही, कारण सुमारे 1,700 सेंटिमॉर्गन जुळणारी व्यक्ती आजोबा, काका, मामा किंवा आई-वडिलांपैकी एकच समान असलेला भाऊ यांपैकी कोणीही असू शकते, आणि हा गुंता वय, गाव, जन्म-विवाहाच्या नोंदी व जनगणनेची कागदपत्रे यांनीच सुटतो. मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या समाजांत, महाराष्ट्रातील अनेक समाजांप्रमाणे, तीच माणसे वंशवृक्षात दोन वाटांनी येतात, त्यामुळे दूरचे नातेही आकड्यात जवळचे भासते.

कॅलिफोर्नियात 1970 व 1980च्या दशकांत किमान 13 खून आणि सुमारे 50 बलात्कार करणाऱ्या 'गोल्डन स्टेट किलर'चा शोध हे या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. तपास-अधिकारी पॉल होल्स आणि वंशावळतज्ज्ञ बार्बरा रे-व्हेंटर यांच्या चमूने व्हेंचुरा परगण्यातील 1980च्या गुन्ह्यातील जपून ठेवलेल्या नमुन्यावरून डीएनएचा आराखडा तयार करवून लोक स्वतःचे चाचणी-निकाल जमा करतात अशा 'जीईडीमॅच'सारख्या संकेतस्थळांवर त्याची तुलना केली. दूरचे नातलग सापडल्यावर समान पूर्वजांपर्यंत मागे जायचे, तेथून सर्व वंशजांच्या शाखा पुन्हा खाली मांडायच्या आणि वय, लिंग व वास्तव्य यांच्या कसोटीवर एकेक नाव वगळायचे, अशा चिकाटीच्या कामातून जोसेफ डिअँजेलो या माजी पोलिसाचे नाव पुढे आले. त्याच्या मोटारीच्या दाराची मूठ आणि कचऱ्यात टाकलेला टिश्यू कागद यांवरील डीएनए जुळल्यावरच एप्रिल 2018 मध्ये त्याला अटक झाली. 2020 मध्ये गुन्हे कबूल केल्यावर त्याला जन्मठेप झाली. ही अखेरची पडताळणी किती आवश्यक आहे हे याच तपासात आधी दिसले होते, कारण 2017 मध्ये वाय गुणसूत्रावरील एका दुर्मीळ खुणेवरून ऑरेगनमधील एका वृद्धावर संशय गेला आणि शुश्रूषागृहात असलेल्या त्या निर्दोष माणसाचा नमुना घ्यावा लागला. अमेरिकेच्या न्याय खात्याने 2019च्या हंगामी धोरणात अशी जुळणी हा केवळ धागा मानला असून तिच्याच बळावर अटक करण्यास मनाई केली आहे.

संमतीचा प्रश्न याहून अवघड आहे. यूरोपीय वंशाच्या अमेरिकी व्यक्तींच्या सुमारे 60 टक्के शोधांत खापरपणजोबा समान असलेला किंवा त्याहून जवळचा नातलग सापडू शकतो, असा अंदाज 2018 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे स्वतः चाचणी न केलेला माणूसही कोणा भावंडाच्या नमुन्यावरून ओळखू येतो. मे 2019 मध्ये 'जीईडीमॅच'ने स्पष्ट होकार देणाऱ्यांचेच नमुने पोलिसांच्या शोधासाठी खुले ठेवले, परंतु तो होकार देणाऱ्याच्या नातलगांना कोणी विचारत नाही.