घोडा, पाणी आणि पोते

वाफेचे यंत्र विकावयास निघालेल्या माणसाला गिरणीमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे : हे किती घोड्यांचे काम करील? जेम्स वॅट हा हिशेबी कारागीर. १७८२-८३ च्या सुमारास त्याने घोड्यालाच मापात घातले. बारा फूट त्रिज्येच्या रिंगणात घोडा तासाला १४४ फेऱ्या घालतो व १८० पौंडांच्या जोराने ओढतो, असे त्याने धरले. एक पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक फूट-पौंड. या मापाने मिनिटाला साडेबत्तीस हजारांच्या आसपास आकडा येतो. व्यवहारात तो ३३,००० झाला. हीच अश्वशक्ती. सामान्य घोड्याला एवढा नेट दिवसभर धरवत नाही, पण घोड्याला विचारतो कोण!

उष्णतेचे माप मात्र वेगळ्याच घरात वाढले. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, अशी विद्वानांची समजूत होती. म्यूनिक येथे तोफा कोरण्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या रम्फर्डने बोथट हत्याराच्या घर्षणाने अडीच तासांत पाणी उकळून दाखविले व १७९८ मध्ये तो वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला. यंत्र घोडेच फिरवीत होते. ते फिरत राहतील तोवर उष्णता आटेना. मग तो द्रव कसला?

या दोन मापांतला हुंडणावळीचा दर नेटाने ठरविला तो जेम्स जूलने. हा सॅल्फर्डच्या एका बिअर-कारखानदाराचा मुलगा, विद्यापीठाची पायरी न चढलेला. खाली उतरणाऱ्या वजनांनी त्याने पाण्यातली वल्ही फिरविली आणि पाणी किती तापते ते पाहिले. १८५० मध्ये त्याने आकडा दिला ७७२ : एक पौंड पाणी फॅरनहाइटचा एक अंश तापविण्यास ७७२ फूट-पौंड काम लागते. आजचा आकडा सुमारे ७७८. पुढे त्याचेच नाव मापाला मिळाले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ जूल आणि विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल.

आम्ही हमालांत वावरलेली माणसे. आम्हांला या कोष्टकात पोते दिसते. शंभर किलोचे पोते तीन मीटर उंच थप्पीवर चढविणे म्हणजे २,९४० जूल. दिवसाची दोनशे पोती धरली तरी सहा लाख जूल भरत नाहीत. युनिटाचा सहावा हिस्साही नाही! वाटाघाटीच्या एका बैठकीत एका गोदामवाल्याने हाच हिशेब आमच्यापुढे टाकला होता व एवढ्याशा विजेला मजुरी किती मागता, असे विचारले होते.

गुणाकार बरोबर होता. परंतु त्यात हमालाचा स्वतःचा देह दोनशे वेळा वर चढला, ते धरलेच नव्हते. शिवाय पाठीवर पोते घेऊन तो वाट मोकळी होण्यासाठी नुसता उभा राहिला, तर जूलच्या मापाने पोत्यावर झालेले काम शून्य. स्नायू मात्र जळतच असतात. आम्ही दुसरा गुणाकार मांडला. दिवसाचे अन्न २,५०० किलोकॅलरी धरले, तर ते जवळजवळ तीन युनिटे होते, आणि हमालाला त्याहून अधिकच लागते. आमचे म्हणणे एवढेच होते की, बिल करावयाचे तर भाकरीपासून करा. बराच वेळ ओढाताण झाली. दर शेवटी पोत्यामागेच ठरला आणि थप्पीच्या उंचीप्रमाणे वाढता ठरला.