तापाच्या वॉर्डातली शाळा

मी निवासी डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात, पावसाळ्याच्या तोंडावर, पाचेक वर्षांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. ताप होता, घसा दुखत होता, गिळता येत नव्हते. मी घसा पाहिला, टॉन्सिल सुजल्याचे लिहिले, पेनिसिलिन सुरू केले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. रात्रपाळीच्या सिस्टर वयाने माझ्या आईएवढ्या. पहाटे तीनच्या सुमारास त्या मला उठवायला आल्या. "डॉक्टर, टॉर्च घेऊन एकदा परत बघता का? मला तो पडदा वाटतोय. आणि वासही तसाच येतोय." मी परत पाहिले. टॉन्सिलवर करडा, चिवट पडदा होता. घटसर्प! पुस्तकात मी त्याची चार पाने वाचली होती, परीक्षेत त्याच्यावर उत्तरही लिहिले होते. पण प्रत्यक्षात घटसर्प कधी पाहिला नव्हता. घटसर्पाच्या विषावरचे सीरम लवकर द्यावे लागते, कारण एकदा हृदयाच्या स्नायूत शिरलेले विष सीरमने परत येत नाही. आम्ही ते दिले, मुलाला साथीच्या रोगांच्या इस्पितळात पाठवले. दहाव्या दिवशी तो मुलगा हृदय बंद पडून गेला. थोडे आधी सीरम मिळाले असते तर तो वाचला असता का, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. मीही गेली चाळीस वर्षे ते देऊ शकलेलो नाही.

साथीच्या रोगांचा डॉक्टर कसा घडतो, कोण घडवतो, आणि एकदा घडवलेली ही विद्या पुन्हा पुन्हा विसरली का जाते, या प्रश्नाच्या मागे मी लागलो तो त्या मुलामुळे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तशी जुनी कागदपत्रे, अहवाल, चरित्रे वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

सुरुवात आपल्याच शहरातून करावी लागते. सप्टेंबर १८९६. मांडवी भागात लोक तापाने आणि काखेत, जांघेत आलेल्या गाठींनी मरत होते. डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, मांडवीत दवाखाना चालवणारे आणि नगरपालिकेच्या स्थायी समितीचे सभासद. त्यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे जाहीर केले. व्यापार बुडेल, निर्यात थांबेल या धास्तीने अनेकांना ते पटवून घ्यायचे नव्हते. व्हिएगस हे आजच्या अर्थाने कुठलेही विशेषज्ञ नव्हते. त्यांच्याजवळ होती ती रोज त्या गल्ल्यांतून फिरणारी नजर आणि दिसलेले बोलून दाखवण्याची हिंमत. आज त्यांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ उभा आहे. त्याच्याकडे मान वर करून पाहणारे फारसे कोणी दिसत नाही.

रोग ओळखला, पण रुग्णांना ठेवायचे कुठे? आर्थर रोडवरचे साथीच्या रोगांचे इस्पितळ, म्हणजे आज सात रस्त्याजवळचे कस्तुरबा, हे तेव्हाचे मुख्य ठिकाण. तिथे डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी हे पारशी डॉक्टर काम पाहत होते. लोकांच्या मनात या इस्पितळाची दहशत होती. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, असे गिरणगावात बोलले जाई; आणि प्लेगचे मृत्यूचे प्रमाण पाहता ते फारसे खोटेही नव्हते. सक्तीने घराबाहेर काढणे, बायकामाणसांची तपासणी, जातीपातीचा विटाळ, या सगळ्याचा राग साठत गेला आणि १८९६च्या ऑक्टोबर अखेरीस गिरणी कामगारांचा मोठा जमाव इस्पितळावर चालून आला. साथीच्या रोगांच्या डॉक्टरला शिकावा लागणारा पहिला धडा मला इथे दिसतो. तो जंतुशास्त्राचा नाही. रुग्णाचा विश्वास नसेल तर उत्तमातले उत्तम इस्पितळही तुरुंग ठरते, हा तो धडा. पुढच्या वर्षी पुण्यात तो न शिकण्याची किंमत सगळ्यांनीच मोजली. त्याच पुण्यात डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. जिथे सक्ती नव्हती, तिथे लोक आपल्या पायांनी येत होते.

चोक्सी मात्र जमावाच्या हल्ल्यानंतरही तिथेच राहिले. हजारो रुग्ण त्यांनी स्वतः तपासले आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. युरोपातून येणारे शास्त्रज्ञ आपापली सीरम घेऊन मुंबईत उतरत होते. १८९७ मध्ये खुद्द येरसँ आला, इटलीहून लुस्टिग आला. प्रत्येकाचा दावा मोठा. चोक्सींनी लुस्टिगच्या सीरमची परीक्षा करताना रुग्ण आलटून पालटून वाटले: एकाला सीरम, पुढच्याला नेहमीचे उपचार. औषधाचा गुण डॉक्टरच्या आशेवर न तोलता मोजून पाहण्याची ही रीत पुढे अर्ध्या शतकाने जगभर रूढ झाली. आर्थर रोडच्या त्या वॉर्डात, खाटांच्या गर्दीत, ती आधीच वापरली जात होती. चोक्सींना हे कुठल्या अभ्यासक्रमाने शिकवले नव्हते. साथीने शिकवले.

थोड्याच अंतरावर वाल्डेमार हाफकीन लस तयार करत होते. ती त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळला पुढे जी प्रयोगशाळा उभी राहिली तिथेच, १९०५ नंतर प्लेग आयोगाने प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो हे पक्के सिद्ध केले. तोच निष्कर्ष फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत मांडला होता. तेव्हा कोणी तो मनावर घेतला नव्हता. म्हणजे दहा वर्षांत मुंबईमध्ये वॉर्ड होता, प्रयोगशाळा होती, लस होती, अनुभवी डॉक्टर होते. नव्हती ती फक्त शाळा.

शाळा निघाल्या त्या दुसरीकडे. १८९९ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी लंडनच्या गोदीतल्या खलाशांच्या इस्पितळाच्या आधाराने उष्णकटिबंधीय वैद्यकाची शाळा सुरू केली. लिव्हरपूलची शाळाही त्याच सुमाराची. हेतू सरळ होता. वसाहतींत जाणारा गोरा डॉक्टर हिवताप, आमांश, काळा आजार यांना बिचकू नये. मॅन्सन यांचा आग्रह मात्र आजही मानण्यासारखा आहे: विद्यार्थ्याने रक्ताची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि त्याच दिवशी तो रुग्णही खाटेवर पाहायचा. हिंदुस्थानात अशी शाळा कलकत्त्याला झाली. लिओनर्ड रॉजर्स यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे पैसे गोळा केले. १९१४ मध्ये पायाभरणी झाली, मग महायुद्ध आडवे आले आणि वर्ग भरायला १९२० उलटावे लागले. शेजारीच तिचे स्वतःचे इस्पितळ होते, हे तिचे खरे बळ. त्याच कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कॅम्बेल इस्पितळातल्या एका लहानशा खोलीत युरिया स्टिबामाइन तयार केले आणि काळ्या आजाराने मरणाऱ्या असंख्य माणसांना त्याने जीवदान दिले.

यानंतर काय झाले? औषधे आली. सल्फा, पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन. लसीकरण वाढले. देवी गेली. युरोप-अमेरिकेत तापाची इस्पितळे ओस पडून बंद झाली. गंमत अशी, की नेमक्या याच ओहोटीच्या काळात या विद्येला स्वतंत्र नाव मिळाले. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या संसर्गजन्य रोगतज्ज्ञांनी आपली संस्था काढली आणि १९७२ मध्ये तिथे या विषयाची स्वतंत्र विशेषज्ञ परीक्षा सुरू झाली. नाव मिळाले, पण काम उरले आहे का, अशी शंका घरातूनच आली. रॉबर्ट पीटर्सडॉर्फ हे या शास्त्रातले दिग्गज. १९६१ मध्ये पॉल बीसन यांच्यासह त्यांनी कारण न सापडणाऱ्या दीर्घ तापाच्या १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तो आजही शिकवला जातो. त्याच पीटर्सडॉर्फ यांनी १९७८ मध्ये लिहिले, की प्रशिक्षण घेत असलेल्या आणखी ३०९ तज्ज्ञांची गरज आपल्या कल्पनेत येत नाही. त्यांनी एकमेकांच्याच अंगावरचे जंतू वाढवत बसायचे ठरवले तर गोष्ट वेगळी!

वाचताना हसू येते. पण तारीख पाहिली की ते ओसरते. ५ जून १९८१ रोजी लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची छोटीशी बातमी अमेरिकेच्या साप्ताहिक रोगवृत्तात छापून आली. ती एड्सची पहिली नोंद. ज्या ३०९ जणांचे काय करायचे असा प्रश्न होता, ते तीन वर्षांत अपुरे पडू लागले. पीटर्सडॉर्फ मूर्ख नव्हते. त्यांनी समोरचे आकडे पाहून हिशेब मांडला होता. साथीचा हिशेब मागच्या आकड्यांवरून मांडता येत नाही, एवढेच.

आपल्याकडे एड्स ओळखणाऱ्या बाईंचे माहेरचे आडनाव गायतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या सुनीती गायतोंडे, लग्नानंतरच्या डॉ. सुनीती सॉलोमन. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. १९८५च्या अखेरीस त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी विषय दिला: शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात या नव्या विषाणूची लागण दिसते का? अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटला. आपल्या देशात, आपल्या संस्कृतीत असला रोग येणार नाही, असे तेव्हा मोठमोठे लोक म्हणत. निर्मला यांनी नमुने गोळा केले, सोय नसल्याने काही घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि तपासणीसाठी वेल्लोरला नेले. १९८६ मध्ये निकाल आला. लागण होती. सुनीतीबाईंनी नंतर सरकारी नोकरी सोडली आणि १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने संस्था काढली. त्या काळात एड्सच्या रुग्णाला हात लावायलाही डॉक्टर तयार नसत. बाई रुग्णाशेजारी बसत, त्याचा हात हातात घेत आणि शिकाऊ डॉक्टरांना ते पाहायला लावत. माझ्या मते तो एक अभ्यासक्रमच होता.

विसरण्याची खरी किंमत मात्र आपल्याला १९९४ साली कळली. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवांचा उपद्रव सुरू झाला, मग माणसांना गाठी आल्या. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो माणसे शहर सोडून निघाली. त्यांत कितीतरी खाजगी डॉक्टरही होते. देशात जवळजवळ तीन दशके प्लेगचा रुग्ण नव्हता. प्लेगवर लक्ष ठेवणारी यंत्रणा क्षीण झाली होती. हा प्लेगच आहे की दुसरे काही, यावर तज्ज्ञांत वाद चालू राहिला. ज्या राज्यात चोक्सींनी हजारो प्लेगरुग्णांच्या नोंदी केल्या, पिसवेचा गुन्हा सिद्ध झाला, तिथे ९८ वर्षांनी प्लेगची गाठ हाताने चाचपलेला डॉक्टर शोधून सापडत नव्हता. मीही त्या वर्षी विद्यार्थ्यांना प्लेग पुस्तकातूनच शिकवला. घसा न ओळखणारा तो निवासी डॉक्टर मला त्या वर्गात पुन्हा दिसत होता.

आता आपल्याकडेही संसर्गजन्य रोगांत डी.एम. करता येते, दिल्लीच्या एम्समध्ये हा अभ्यासक्रम आहे. एम.डी. झाल्यावर आणखी तीन वर्षे. विद्यार्थी प्रयोगशाळेत जंतू वाढवायला शिकतो, एचआयव्ही आणि क्षयाच्या रुग्णांसोबत काम करतो, अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णांचे ताप उलगडतो. मोठ्या शल्यविशारदाला "हे प्रतिजैविक नको, बंद करा" असे नम्रपणे पण ठामपणे सांगणे, हाही त्याच्या शिक्षणाचा भाग. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असताना औषध न देण्याचा सल्ला देणारा डॉक्टर ही चैन राहिलेली नाही. पण या डॉक्टरला ना शस्त्रक्रिया करायची असते, ना दुर्बीण घालायची असते. त्याचे काम विचार करण्याचे, आणि आपल्या इस्पितळांच्या बिलात विचाराला रकाना नसतो. हुशार मुले हृदयाकडे, पोटाकडे वळतात. त्यांना दोष कसा द्यावा?

२०२० मध्ये मुंबईतल्या कोविडच्या पहिल्या संशयितांना वेगळे ठेवायची वेळ आली तेव्हा शहराला आठवले ते आर्थर रोडवरचे तेच जुने इस्पितळ. सगळा देश 'साथीच्या रोगांचे तज्ज्ञ कुठे आहेत' म्हणून विचारू लागला. दोन वर्षांनी मास्क उतरले आणि प्रश्नही उतरला.

साथ आली की शाळा काढायची आणि साथ गेली की कुलूप लावायचे, हे गेल्या सव्वाशे वर्षांत आपण आणि जगानेही पुन्हा पुन्हा केले. असा डॉक्टर घडायला अकरा-बारा वर्षे लागतात. साथ एवढी थांबत नाही. म्हणून तापाचा वॉर्ड रिकामा असतानाही चालू ठेवावा लागतो, अग्निशमन दलासारखा. बंब रोज धावला नाही म्हणून कोणी तो भंगारात काढत नाही.

त्या सिस्टर आता नाहीत. घटसर्पाचा वास त्यांनी तरुणपणी तापाच्या वॉर्डात काम करताना ओळखायला शिकला होता, असे त्यांनी मला नंतर सांगितले. तो वॉर्ड बंद होऊन तेव्हाच कितीतरी वर्षे झाली होती.