राणे, रामा राघोबा

(२६ जून १९१८ – ११ जुलै १९९४). परमवीरचक्र हयातीत मिळवणारे पहिले भारतीय सैनिक. बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलातील अधिकारी. मूळ गाव कारवारजवळचे चेंडिया; त्या काळी कारवार मुंबई इलाख्यात मोडत असे. वडील पोलीस खात्यात होते आणि त्यांच्या वारंवार बदल्या होत, त्यामुळे शिक्षण ठिकठिकाणच्या शाळांत झाले. जुलै १९४० मध्ये राणे बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले. उत्कृष्ट रिक्रूट म्हणून त्यांची निवड झाली आणि पुढे ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढणाऱ्या २६ व्या डिव्हिजनमध्ये त्यांची नेमणूक झाली. आराकानमधून सैन्य माघारी येत असताना मोक्याची ठिकाणे उडवून देण्यासाठी मागे ठेवलेल्या तुकडीत ते होते. तुकडीला न्यायला जहाज येणार होते, ते आले नाही. जपानी गस्तीखालची नदी ओलांडून ही माणसे आपल्या डिव्हिजनला मिळाली आणि राणे हवालदार झाले. १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. ज्या कामगिरीसाठी त्यांना परमवीरचक्र मिळाले, तिच्यापूर्वी अधिकारी म्हणून त्यांचे चार महिनेही पुरते भरले नव्हते, मात्र सॅपर म्हणून जवळजवळ आठ वर्षे झाली होती. त्यांच्या पदकाचा अर्थ या आठ वर्षांशिवाय लागत नाही.

काश्मीरमधील १९४७-४८ च्या भारत-पाकिस्तान लढाईत, मार्च १९४८ मध्ये झांगर परत घेतल्यावर भारतीय सैन्य नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाले. माघार घेणाऱ्या शत्रूने रस्त्यात सुरुंग पेरले होते, जिथे मोऱ्या उडवल्या होत्या त्या ठिकाणी रस्ताच उरला नव्हता, आणि पाइनची झाडे पाडून वाट अडवली होती. रणगाडे पुढे न्यायचे तर रस्ता आधी मोकळा व्हायला हवा होता. ते काम राणे यांच्या तुकडीकडे होते. ८ एप्रिलला कामाला हात घालताच उखळी तोफांचा मारा झाला. त्यांचे दोन सॅपर ठार झाले, पाच जखमी झाले, आणि त्या पाचांत राणे स्वतः होते. उरलेली माणसे जमवून त्यांनी काम चालू केले. दुपारी बरवाली रिज हाती आल्यावर रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला घेतला आणि शत्रूच्या नजरेसमोर रात्री दहापर्यंत ते राबले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. वळणरस्ता तयार होताच ते सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये (हलक्या चिलखती वाहनात) बसले आणि वाटेतला एकेक अडथळा सुरुंगाने उडवत निघाले. संध्याकाळी पाच मोठी झाडे आडवी आली. भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला त्याच अडथळ्याला भिडून त्यांनी साडेसहापर्यंत तो दूर केला. रणगाडे दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरील चिंगसला पोहोचले, तरी मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी राणे रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करत राहिले, तेही उपाशी. ११ एप्रिललाही सकाळी सहा ते रात्री दहा हेच काम चालू होते. दोरीने चालकाला इशारे देत ते रणगाड्याखालून सरपटत गेले, हा प्रसंग लोकांत अधिक सांगितला जातो आणि तो विलक्षणच आहे. पण प्रशस्तिपत्राचा भर त्या एका प्रसंगावर नाही. त्यात दिवसामागून दिवस कामाच्या वेळा नोंदल्या आहेत, आणि शौर्याचा पुरावा त्या वेळांतच आहे.

यावर एक आक्षेप घेता येतो. परमवीरचक्र शत्रूसमोर गाजवलेल्या असामान्य पराक्रमासाठी असते, सेवेतील सातत्यासाठी नसते. शिवाय सुरुंग काढणे हे सॅपरचे नेमून दिलेले काम, मग त्यात असामान्य ते काय? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. निव्वळ दीर्घ सेवेसाठी हे पदक कोणालाही मिळालेले नाही आणि मिळूही नये. दुसऱ्या भागाचे उत्तर ८ एप्रिललाच मिळते. जखमी अधिकाऱ्याने मागे जाणे हे कर्तव्यात बसणारेच होते, त्याला कोणी बोल लावला नसता. राणे तिथेच थांबले, आणि पुढचे तीन दिवस रोज पहाटे तोच निर्णय त्यांनी पुन्हा घेतला. हल्ल्याच्या आवेशात माणूस क्षणभर भीती विसरू शकतो. सुरुंग निकामी करताना हात स्थिर लागतो आणि डोके शांत लागते, तिथे आवेश उलट घात करतो. हा स्थिरपणा ऐनवेळी उसना मिळत नाही. तो बॉम्बे सॅपर्सच्या खडकीतील प्रशिक्षणात आणि आराकानच्या माघारीत घडला होता.

याच दलातील आधीचे उदाहरण या मताला बळ देते. १९४१ मध्ये बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत यांनी ॲबिसिनियाच्या आघाडीवर सलग चार दिवस ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रे साफ केली. कॅरियर दोनदा उडाला, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी बदली माणूस घेतला नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन वेगळ्या राजवटींनी एकाच दलातील, जवळजवळ एकाच स्वरूपाच्या कामाला आपला सर्वोच्च सन्मान दिला, हा योगायोग मानणे कठीण आहे.

पुढची वाटचाल मात्र दोघांची निराळी झाली. भगत लेफ्टनंट जनरल होऊन नॉर्दर्न कमांडचे प्रमुख झाले. राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि पुनर्नियुक्तीवर १९७१ पर्यंत सैन्याच्या सेवेत राहिले. परमवीरचक्राचा मानकरी मेजरच का राहिला, असा प्रश्न पुष्कळांना पडतो, आणि त्यामागची कळकळ रास्त आहे. परंतु भगत कमिशन घेऊनच सैन्यात आले होते, तर राणे यांची पहिली सात वर्षे जवान आणि हवालदार म्हणून गेली आणि कमिशन तिशीच्या उंबरठ्यावर मिळाले. हुद्दा हा वय, सेवाकाल आणि नेमणुका यांवर ठरतो. चक्रामुळे बढतीचा हक्क मिळत नाही. पदकाला बढतीची शिडी केले, तर वरिष्ठांच्या नजरेत भरणाऱ्या साहसाला भाव येईल आणि रस्ता साफ करणाऱ्याची नोंद राहणार नाही. १९४७-४८ च्या लढाईतील पाच परमवीरचक्रांपैकी तीन मरणोत्तर होती. हयातीत सन्मान मिळालेले दोघे म्हणजे राणे आणि लान्स नायक करमसिंग, आणि दोघेही साध्या जवानाच्या पायरीवरून वर आलेले होते.