गोधडीकाम, घरगुती (नागपूर)

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून हाताच्या टाक्यांनी एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण म्हणजे गोधडी. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. पिंजलेला कापूस भरला की ती रजई किंवा दुलई झाली. गोधडीच्या पोटात मात्र कापडच असते.

नागपूरची ओळख उन्हाळ्याची, त्यामुळे इथल्या थंडीचा आणि गोधडीच्या गरजेचा बाहेरच्यांना अंदाज नसतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते.

या भागात गोधडीला लागणारे कापड घरातच मिळे. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा या पट्ट्यात कोष्टी मागावर लुगडी विणत. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि गिरणीचे सुती कापडही दारात आले. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरांचे चौपदरी पांघरूण तयार. म्हणजे गोधडीचा आकार बराचसा लुगड्यानेच ठरवून दिलेला. वापरून, धुऊन विरलेले लुगडे यासाठी सर्वांत चांगले, कारण ते आणखी आवळत नाही, रंग सोडत नाही आणि सुई त्यातून सहज जाते. फाटलेले तुकडे आतल्या थरांत जातात. धड काठ-पदर वर दिसेल असा लावतात.

काम जमिनीवरच चालते. थर ताणून पसरायचे, चारही कडा दुमडायच्या, मोठ्या टाक्यांनी कच्चे करून घ्यायचे आणि मग जाड सुईने धावदोरा घालत काठाकडून मध्याकडे, चौकोनात चौकोन असे आत सरकायचे. या मांडणीमागे नक्षीपेक्षा सोय अधिक आहे. तिघी-चौघी चार बाजूंना बसल्या तर प्रत्येकीला आपापली बाजू मिळते आणि सगळ्या मध्यावर येऊन भेटतात. तोटा एवढाच, की सैल राहिलेले कापड पुढे ढकलले जाऊन मधोमध फुगते. म्हणून दर काही ओळींनी हात फिरवून ते सारखे करावे लागते. पाश्चात्त्य पद्धतीने हातशिलाई करणारे नेमके हेच टाळण्यासाठी मध्यापासून बाहेर जातात. मशीनवर गोधडी लवकर होते, पण तिच्या सरळसोट, घट्ट ओळींत हाताच्या टाक्यांनी येणारा सुरकुतलेला मऊपणा उतरत नाही.

ठिगळाला पूर्वी प्रतिष्ठा नव्हती. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर घेत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. पण तो मान बाबांचा, चिंध्यांचा नव्हे. ठिगळांना मान मिळू लागला तो अलीकडे. अमेरिकेत अलाबामातील गीज बेंड या वस्तीत कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांपासून शिवलेली पांघरुणे २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागली. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची ‘कवंद’ही आता संग्राहकांच्या नजरेत आहे. तिच्या चार कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले असतात.

सिंथेटिक साड्या घरोघरी आल्या आणि घरातले कापड आटले. ते निसरडे कापड थरात धड बसत नाही, घामही टिपत नाही. छंद म्हणून गोधडी शिवणाऱ्यांना आज म्हणूनच सामान बाहेरून जमवावे लागते: शिंप्याकडची कात्रणे, जुन्या सुती ओढण्या, सदरे, चादरी आणि गांधीबाग-इतवारीच्या कापडबाजारातले कटपीस. नव्या कापडाचे चौकोन आधी जोडून मग अस्तर लावण्याची रीत त्यातूनच सोयीची ठरते. दिसायला ती देखणी, पण नवे कापड न धुता वापरले तर पहिल्याच धुण्यात कुठे आवळते, कुठे लाल रंग पांढऱ्यावर उतरतो. विकतच्या कापडाची गोधडी काटकसरीची राहत नाही, हेही खरे.

पहिल्या प्रयत्नाला बाळाची दुपटी बरी: साधारण एक मीटरचा चौकोन, तीन थर. पूर्ण मापाची सहा-सात पदरी गोधडी भिजली की एकटीला उचलत नाही आणि घरगुती वॉशिंग मशीनलाही झेपत नाही. ती मोठ्या टबात किंवा मोरीत तुडवून धुवावी आणि दोघांनी धरून पिळावी. नागपूरच्या उन्हात ती वाळायची चिंता नसते, मात्र रंग टिकवायचा असेल तर उलटी वाळत घालावी.