शिकवलेले पोचले का?

विज्ञानात पडताळा घेतल्याशिवाय विधान करू नये, असे आपण शिक्षक मुलांना सांगतो. आपल्या शिकवण्याबद्दल मात्र आपण बरेचदा अंदाजावर भागवतो. मुलांनी माना डोलावल्या, परीक्षेत गणिते सुटली, म्हणजे समजले असे धरून चालतो. हा अंदाज तपासून पाहण्याचा आणि जे आढळले ते इतर शिक्षकांपुढे ठेवण्याचा इतिहास फार जुना नाही. महाराष्ट्राचाही त्यात वाटा आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी त्याचे प्रमुख होते. लगेचच केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत काम हाती घेतले. मुले विज्ञानात मागे का पडतात, हा प्रश्न होता. केंद्राच्या अभ्यासांतून एक अडसर पुढे आला, तो म्हणजे पाठ्यपुस्तकाची भाषा. ‘बाष्पीभवन’ या शब्दाशी अडणाऱ्या मुलाने ओले कपडे वाळताना रोज पाहिलेले असतात. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली, तेव्हा मुलांची प्रगती सुधारली. ज्या मुलांना आपण ‘कच्ची’ म्हणत होतो, त्यांच्यापैकी अनेकांची अडचण बुद्धीची नव्हतीच.

विद्यापीठातील प्राध्यापकांनाही असाच धक्का बसायचा होता. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात हल्लून आणि हेस्टेनिस यांनी विद्यार्थ्यांना गती व बल यांवरचे साधे प्रश्न अभ्यासक्रमाच्या आधी आणि नंतर विचारले. आकडेमोड नव्हती, फक्त कल्पना तपासायच्या होत्या. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. अभ्यासक्रम संपल्यानंतरही मुलांच्या मूळच्या चुकीच्या समजुती फारशा हललेल्या नव्हत्या, मग प्राध्यापक कोणीही असो!

हार्वर्डचे एरिक माझूर यांनी १९९० साली हे लेखन वाचले. ते विद्यार्थ्यांचे आवडते प्राध्यापक होते. आपल्या वर्गात असे घडणार नाही, या विश्वासाने त्यांनी तेच प्रश्न दिले, आणि निकाल निराशाजनक लागला. त्यानंतर त्यांनी व्याख्यान कमी केले. एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने उत्तर ठरवायचे, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे, अशी पद्धत त्यांनी सुरू केली.

पण एका वर्गाच्या अनुभवावर किती विसंबायचे? रिचर्ड हेक यांनी अनेक शिक्षकांकडून आधीच्या व नंतरच्या चाचण्यांचे गुण मागवले. ६२ अभ्यासक्रम आणि ६,५४२ विद्यार्थी यांची ही माहिती १९९८ साली प्रसिद्ध झाली. आधी न येणाऱ्या गोष्टींपैकी किती आल्या, हे त्यांनी मोजले. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी २३ टक्के होते. विद्यार्थ्यांना विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. आपल्या वर्गाचे कमी गुण दुसऱ्याला दाखवायला शिक्षक तयार झाले, म्हणूनच हे कळू शकले.

आपल्याकडेही होमी भाभा केंद्राने अशा संशोधनासाठी ‘एपिस्टीम’ ही परिषद सुरू केली. पहिली परिषद डिसेंबर २००४ मध्ये गोव्यात भरली.

हे काम विद्यापीठांपुरते ठेवण्याचे कारण नाही. मावळातल्या औंढ्यासारख्या गावातही ते करता येईल. लोणावळ्याच्या घाटात भरलेला ट्रक आणि लहान मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर जास्त बल लावील? न्यूटनचा तिसरा नियम शिकवण्याआधी मुलांची उत्तरे लिहून घ्यावीत, आणि शिकवून महिना झाल्यावर हाच प्रश्न पुन्हा विचारावा. दोन्ही बले सारखीच असतात. मोटारीचे वस्तुमान कमी म्हणून तिचा वेग जास्त बदलतो आणि तिची दुर्दशा होते. महिन्यानंतरही किती मुले ‘ट्रक’ म्हणतात ते मोजावे आणि तो आकडा केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत मांडावा. तो मोठा निघाला तर इतर वर्गांतही काय आढळते, हे तिथेच विचारता येईल.